दत्तक गेली, पण नागरिक झाली का?

(पालघर येथे महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण रेशनकार्ड, जातीचा दाखला, वनहक्काचे दावे यांवर बोलतो आहोत. परदेशात दत्तक गेलेल्या मुलांच्या नागरिकत्वावर मी बोलणार हे कळल्यावर चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, हा आपला प्रश्न आहे का? इथे बोईसरच्या चाळीतल्या बाईला स्वतःचा एक दाखला काढता काढता दोन मजुऱ्या बुडवाव्या लागतात, आणि आपण अमेरिकेतल्या माणसांची काळजी करायची?" प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी मीही तसंच म्हटलं असतं. म्हणून या विषयाशी माझा संबंध कसा आला, ते आधी सांगते.

मी बोईसरला काम करते. तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या मुली, एकट्या बायका, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली यांच्याशी माझा रोजचा संबंध. माझी एक जुनी वर्गमैत्रीण मुंबईत काम करते. तिच्याकडून एक दिवस माझ्याकडे काही कागदांच्या झेरॉक्स आल्या, सोबत एक पत्र. पत्र लिहिणारी बाई चाळिशी ओलांडलेली, अमेरिकेत राहणारी. तीन-चार वर्षांची असताना तिला मुंबईच्या एका अनाथाश्रमातून तिकडे नेलं होतं. कागदांत न्यायालयाचा एक आदेश होता, ऐंशीच्या दशकातला. त्यात तिच्याबद्दल एवढंच : आई अविवाहित, मजुरी करणारी, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. आईचं नाव नाही. जन्मतारीख अंदाजे.

मला वाटलं, ही आपल्या आईचा शोध घेते आहे. पण पत्रात तसं काही नव्हतं. तिला जन्माचा दाखला हवा होता. तिला नेणाऱ्या नवराबायकोचं पुढे पटलं नाही, ते वेगळे झाले, आणि या भानगडीत तिचे कागद पुरे करायचे राहून गेले. ती तिथे शाळेत गेली, नोकरी केली, कर भरला, दोन मुलांची आई झाली. आपण अमेरिकन आहोत असं धरून तिने मतदानही केलं. पासपोर्ट काढायला गेली तेव्हा तिला कळलं की ती त्या देशाची नागरिक नाही, कधी नव्हतीच. आता ती कुणाला सांगायलाही घाबरते, कारण नागरिक नसताना मत देणं हा तिथे गुन्हा आहे. देशाबाहेर पाऊल टाकायची तिची हिंमत होत नाही, परत आत घेतील याचा भरवसा नाही. वकिलाने तिला सांगितलं होतं, जिथे जन्मलीस तिथून काही लेखी मिळतं का बघ.

असं होऊच कसं शकतं, हा माझा पहिला प्रश्न होता. दत्तक घेतलं म्हणजे मूल त्या घरचं झालं, आणि घरचं झालं म्हणजे त्या देशाचं झालं, असं आपण धरून चालतो. कायदा तसं म्हणत नव्हता. हे जरा नीट समजून घेऊ.

आपल्याकडे १९५६ चा हिंदू दत्तक कायदा फक्त हिंदूंसाठी. परदेशी ख्रिस्ती जोडप्याला त्याखाली इथे दत्तक घेता येत नसे. मग ते १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली न्यायालयात अर्ज करत. न्यायालय त्यांना मुलाचे पालक नेमी आणि मूल बाहेर न्यायला परवानगी देई. म्हणजे विमानात बसताना ते मूल दत्तक नसे, पाल्य असे. त्याच्या हातात पासपोर्ट भारताचा. खरं दत्तकविधान तिकडे गेल्यावर तिकडच्या न्यायालयात व्हायचं. आणि ते झालं तरी अमेरिकेत मूल आपोआप नागरिक होत नसे. त्यासाठी मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत आईवडिलांनी वेगळा अर्ज करायचा. म्हणजे दोन पायऱ्या, आणि दोन्ही मोठ्यांनी चढायच्या. त्यांनी आळस केला, विसरले, भांडले, मेले, किंवा मूल नकोसं झालं, तर पाय घसरणार मुलाचा.

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं की परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होत आहेत. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती भगवतींनी १९८४ मध्ये निकाल दिला. मूल आधी इथल्या घरात देता येतं का पाहा, परदेशी कुटुंबाची तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत चौकशी करा, मूल तिकडे पोचल्यापासून दोन वर्षांत दत्तकविधान झालंच पाहिजे, तोवर मुलाच्या प्रगतीचे अहवाल यायला हवेत, असे नियम त्यातून आले. १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय दत्तक संस्था स्थापन झाली. निकाल चांगलाच होता. पण अहवाल आला नाही तर कुणी कुणाच्या दाराशी जायचं? मूल सात समुद्रांपलीकडे आणि फाईल इथल्या कपाटात.

याचं फळ काय झालं, त्याची दोन उदाहरणं देते. दोन्ही न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. नावं मी मुद्दाम घेत नाही.

एक मुलगी १९८९ साली मुंबईहून अमेरिकेला नेली गेली, सात-आठ वर्षांची असताना. तिथे ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिली. तिच्या नागरिकत्वाचे कागद कुणी पुरे केलेच नाहीत. पुढे अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला शिक्षा झाली आणि २००८ साली तिला भारतात परत पाठवलं. नवरा आणि दोन मुलं तिकडे. इथली भाषा येत नाही, इथे एक माणूस ओळखीचं नाही. तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

दुसरी १९८२ साली कोलकात्याहून नेलेली, काही महिन्यांचं बाळ. दत्तक आई एकटी होती, ती मुलगी आठ वर्षांची असताना वारली. अर्ज करायचा राहिला तो राहिलाच. मोठेपणी खोट्या चेकच्या गुन्ह्यात तिला शिक्षा झाली आणि देशाबाहेर काढण्याचा आदेश निघाला. २०१२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तिची बाजू मान्य केली नाही.

कुणी म्हणेल, गुन्हा केला तर भोगावं. जरूर भोगावं. त्यांनी शिक्षा भोगलीच. पण त्याच घरात जन्मलेल्या मुलाने तोच गुन्हा केला असता तर तो शिक्षा भोगून घरी आला असता. दत्तक मुलीला वेगळी, जन्मभराची शिक्षा, तीही आईवडिलांनी न भरलेल्या अर्जाबद्दल. १९९६ साली अमेरिकेने बिगर-नागरिकांना हाकलण्याचे नियम फार कडक केले, त्यात ही मुलं सापडली.

अमेरिकेने २००० साली बाल नागरिकत्व कायदा केला. तो २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. दत्तक मूल आता बहुतेक वेळा आपोआप नागरिक होतं. पण त्या दिवशी ज्यांना अठरा वर्षं पुरी झाली होती, त्यांना वगळलं. कोलकात्याची ती मुलगी या रेषेपेक्षा अकरा महिन्यांनी मोठी ठरली. वगळलेल्यांना आत घेणारं विधेयक २०१५ पासून पुन्हा पुन्हा मांडलं गेलं. २०२२ मध्ये एका मोठ्या विधेयकाचा भाग म्हणून ते कनिष्ठ सभागृहात मंजूरही झालं, पण अंतिम कायद्यातून गळलं. आणि त्या कायद्यातही एक फट आहे. जे मूल फक्त पालकत्वाच्या आदेशावर तिकडे गेलं, ते तिकडचं दत्तकविधान पुरं झाल्याशिवाय नागरिक होत नाही. आपली मुलं वर्षानुवर्षं गेली ती याच वाटेने. बालन्याय कायदा २००० आणि त्यातली २००६ ची दुरुस्ती यांनंतर इथेच दत्तकाचा आदेश मिळू लागला.

आता याचा स्त्रियांच्या चळवळीशी काय संबंध? मला तीन संबंध दिसतात.

पहिला. दुसऱ्याच्या नावाला बांधलेलं नागरिकत्व म्हणजे काय हे बायकांना चांगलं माहीत आहे. १९९२ पर्यंत आपल्या नागरिकत्व कायद्यात भारतीय स्त्रीचं परदेशात जन्मलेलं मूल तिच्या नात्याने भारतीय ठरत नसे, बापाच्याच नात्याने ठरे. तो अन्याय आहे हे आपल्याला समजलं. मग एखाद्या माणसाचा देश त्याच्या पालकाने फॉर्म भरला की नाही यावर ठरावा, हा अन्याय आपल्याला का कळू नये? दत्तक घेणं म्हणजे नातं जोडणं. ज्या नात्यात एका बाजूचे सगळे हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर असतात, त्याला नातं म्हणायचं की ताबा?

दुसरा संबंध जन्म देणाऱ्या बाईचा. ही मुलं कुणाची होती? "आई अज्ञात" असं ज्यांच्या कागदावर लिहिलं, त्या बायका अज्ञात नव्हत्या. त्या कुणाच्या तरी शेतावर, भट्टीवर, कारखान्यात काम करत होत्या. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ ते २००२ या काळात भारतातून गेलेल्या मुलांची कागदपत्रं तिथल्या दोन प्रांतांनी अभ्यासकांकडून तपासून घेतली. ४८ मुलांच्या फाईली पाहिल्या, आणि जन्मदात्या आईबापाचं संमतीपत्र एकाही फाईलीत मिळालं नाही. दक्षिण कोरियातून तर लाखांहून जास्त मुलं बाहेर गेली. तिथल्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट म्हटलं की या व्यवहारात सरकारनेच मानवी हक्कांचा भंग होऊ दिला. आईची संमती नाही, मुलीला नागरिकत्व नाही. दोघींचाही कागद कोरा, आणि मधल्या सगळ्यांच्या फाईली मात्र शिक्क्यांनी भरलेल्या.

तिसरा संबंध मला त्या पत्रामुळे कळला, आणि तो सांगताना माझी एक चूकही सांगायला हवी.

कागदावर गावाचं नाव नव्हतं, पण अनाथाश्रमाच्या एका जुन्या टिपणात एका पाड्याचा उल्लेख होता. मी उत्साहाने निघाले. ग्रामपंचायतीत जन्माची जुनी नोंदवही पाहिली. त्या सालची पानं होती, पण त्या पाड्यावरच्या नोंदी जवळजवळ नाहीतच. बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. अर्धं वर्ष माणसं वीटभट्टीवर, वसई-भिवंडीकडे. नोंद करायला ग्रामसेवकाकडे कोण जाणार? मग मी पाड्यावर गेले. पाच-सहा बायका ओट्यावर बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, चाळीस वर्षांपूर्वी इथली कुणी लग्न न झालेली पोर बाळंतपणाला मुंबईला गेली होती का?

कुणी काही बोललं नाही. त्यातली एक म्हातारी बाई उठली आणि आत निघून गेली. तिला चुलीवर काही होतं की आणखी काही, मला माहीत नाही. मला ते माहीत करून घ्यायचा अधिकारही नव्हता. ज्या गोष्टीसाठी तिने, किंवा दुसऱ्या कुणी, आयुष्यभर तोंड मिटून ठेवलं असेल, ती मी भर दुपारी ओट्यावर उघडी केली. समाजकार्याची पदवी घेऊन मी हे केलं. दुसरी एक आजी तेवढं म्हणाली, "तिला काय पायजे?" मी म्हटलं, कागद पाहिजे. ती म्हणाली, "कागूद आमच्याकडं कवा होता, बाय?"

मी तिथून उठले आणि परत त्या पाड्यावर गेले नाही. नंतर नियम नीट वाचले. दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घ्यायचा हक्क आहे, पण तो शोध तिने स्वतः 'कारा'च्या किंवा अधिकृत यंत्रणेच्या मार्फत घ्यायचा. त्रयस्थाने परस्पर घ्यायचा नाही. आणि आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते. पूर्वी मला हा नियम म्हणजे सरकारी आडकाठी वाटली असती. आता पटतं, की मुलीचा हक्क मिळवताना आईला चव्हाट्यावर आणायचं नाही. दोघीही आपल्याच.

आणि खरं सांगायचं तर त्या बाईला आई नकोच होती, कागद हवा होता. कागदासाठी आईचं दार ठोठवावं लागतं, कारण आपल्या व्यवस्थेने त्या वेळी साधी जन्माची नोंद केली नाही. हा तो तिसरा संबंध. सकाळी आपण ज्या दाखल्यांबद्दल बोलत होतो, त्याचंच हे दुसरं टोक आहे.

शेवटी काय झालं? आम्ही अर्ज करून 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला मिळवला. त्यातही चकरा झाल्या. तिच्या कागदावर जिल्हा ठाणे, आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झालेला, त्यामुळे हे कार्यालय त्या कार्यालयाकडे बोट दाखवी. तो दाखला आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत आम्ही तिच्या वकिलाकडे पाठवली. तिचा प्रश्न सुटलेला नाही. पण ती अमुक साली इथून कायदेशीर परवानगीने नेली गेली, पळून गेलेली नाही, एवढं तरी तिला दाखवता येतं.

आज परदेशात मुलं जात नाहीत असं नाही. प्रमाण पूर्वीपेक्षा घटलं आहे, तरी वर्षाला काहीशे मुलं जातात. भारताने हेग करार २००३ साली मान्य केला. पण तो करारही मुलाला नव्या देशाचं नागरिकत्व मिळेलच अशी सक्ती करत नाही. मूल पोचल्यावर दोन वर्षं अहवाल घ्यायचा नियम आहे. दोन वर्षांनी मूल मोठं होत नाही आणि अडचणीही संपत नाहीत.

आणि जी मुलं इथेच राहतात त्यांचं काय? १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलं की बहुतेक मूल भारतीय ठरे. त्यानंतर आई किंवा वडील भारतीय असल्याचं दाखवावं लागतं, आणि ३ डिसेंबर २००४ नंतरची अट आणखी कडक आहे. मग बोईसर स्टेशनवर सापडलेल्या बाळाने कुणाचे कागद दाखवायचे? टाकून दिलेल्या मुलासाठी आपल्या नागरिकत्व कायद्यात वेगळं कलम नाही. आपण बालहक्काचा करार १९९२ मध्ये स्वीकारला. त्यात प्रत्येक मुलाला जन्मतः नाव आणि राष्ट्रीयत्व यांचा हक्क आहे असं म्हटलं आहे.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. त्यांवर आपण चर्चा करून ठराव करावा अशी विनंती.

१. परदेशात दत्तक दिलेल्या प्रत्येक मुलाच्या नागरिकत्वाचा पुरावा 'कारा'कडे जमा होईपर्यंत त्याची फाईल बंद होऊ नये, मग दोन वर्षं लागोत की दहा.

२. पूर्वी पालकत्वाच्या आदेशावर गेलेल्या मुलांना तिथलं नागरिकत्व मिळालं की नाही, याची चौकशी आपल्या सरकारने आपल्या दूतावासांमार्फत करावी.

३. लहानपणी दत्तक नेलेल्या माणसाला 'भारतीय' म्हणून परत पाठवायचं झालं, तर प्रवासाचे कागद देण्याआधी आपल्या सरकारने विचारावं, याचं नागरिकत्व कुणी बुडवलं? नेताना त्यांनी मूल म्हणून नेलं, आता परका म्हणून परत करता येणार नाही. आणि तरीही कुणी परत आलंच, तर निवारा, दुभाषी आणि वकील पहिल्या दिवसापासून मिळावा.

४. बंद पडलेल्या अनाथाश्रमांच्या जुन्या नोंदी सरकारने ताब्यात घेऊन सांभाळाव्यात. वाळवीने खाल्लेली वही म्हणजे एका माणसाचा पुसलेला देश.

५. शोध घेणाऱ्या व्यक्तीचा अर्ज वेळेत निकाली निघावा, आणि जन्मदात्या आईची गुप्तता पाळली जावी. तिच्याशी बोलायचंच झालं तर प्रशिक्षित स्त्री कार्यकर्तीने एकांतात बोलावं. माझ्यासारखं ओट्यावर नव्हे.

आता आपल्या हातातलं काम. मूल सोडायचं आहे असं म्हणणारी मुलगी तुमच्याकडे आली तर तिला आधी विचारा, हे तू म्हणतेस की घरचे म्हणतात? तिला सांगा, बालकल्याण समितीपुढे सही केल्यावरही फेरविचाराला दोन महिने असतात. मूल ठेवायचं असेल तर बापाचं नाव न सांगता ती त्याची पालक होऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तसं म्हटलं आहे, आणि जन्मदाखलाही मिळतो. सोडायचं ठरलं तर तोही तिचा हक्क, त्याबद्दल तिला ऐकवू नका. पण ती काय वाचून अंगठा देते ते तिला तिच्या बोलीत समजावून सांगा, आणि तिच्या बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांत झाली की नाही ते स्वतः जाऊन पाहा. भट्टीवरून परतलेल्या बायकांच्या बाळांचंही तेच. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, हे तुम्ही मला सांगावं इतकं तुम्हाला ठाऊक आहे.

अमेरिकेतल्या त्या बाईने मागच्या पत्रात विचारलं होतं, पालघर कसं आहे? मी लिहिलं, समुद्र जवळ आहे, स्टेशनवर गर्दी फार असते, आणि कचेरीबाहेर हातात कागद घेऊन उभ्या असलेल्या बायका रोज दिसतात. तिचं उत्तर आलं, मग मी तिथलीच आहे.

या ठरावावर तुमचं काय म्हणणं आहे, ते आता बोलू या.